पूर्णेपलीकडील लहान मंडळ्या

अभ्यासासाठी वाचन : प्रेषितांची कृत्ये १४:१९–२३ व १५:३६–४१, २ करिंथ अध्याय ८, फिलिप्पै २:२५–३० व ४:१०–२०, योहानाचे तिसरे पत्र.



धामणगाव बढे व आसपासच्या गावी राहणाऱ्या आपल्या वाचकांस दक्षिणेकडची वाट चांगली परिचयाची आहे. अजिंठ्याचे डोंगर त्या बाजूस, बुलढाण्यास नेणारा राजूरचा घाट त्या बाजूस, कचेरी व मोठा दवाखानाही त्याच बाजूस. उत्तरेकडे मात्र मलकापूरचे स्टेशन आले की आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास संपतो. त्यापुढे नांदुऱ्याहून येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली म्हणजे जळगाव जामोद व संग्रामपूर हे आपल्याच जिल्ह्याचे तालुके लागतात, आणि त्यांच्या उत्तर कडेस सातपुडा उभा राहतो. त्याच रांगेने पूर्वेस गेले की मेळघाट. या डोंगरपट्ट्यात एखाद्या गावी ख्रिस्ती घरे असली तर ती कोठे चार, कोठे सहा. आणि कोठे प्रभूचे नाव घेणारी एकटी विधवाच. अशा मंडळ्यांस साहाय्य करावे असे आपण रविवारच्या प्रार्थनेत वारंवार म्हणतो. या धड्यात आपण एवढेच पाहावयाचे आहे की, त्यांस साहाय्य करणे म्हणजे नेमके काय देणे होय.

कित्येक उपदेशक बंधू आम्हास विचारतात, "आम्हीच गरीब, आम्ही उत्तरेस काय पाठवावे?" प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु तो पैशापासून आरंभ करितो, आणि पवित्र शास्त्र दुसऱ्या ठिकाणाहून आरंभ करिते.

प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय उघडा. लुस्त्र गावी लोकांनी पौलास दगडमार केला व तो मेला असे समजून त्यास गावाबाहेर ओढून टाकिले. दुसऱ्या दिवशी तो बर्णबासह दर्बेस गेला आणि तेथे पुष्कळ शिष्य झाले. आता नकाशा पाहा. दर्बेहून पूर्वेस डोंगराची खिंड उतरली म्हणजे तार्स, पौलाचे जन्मगाव. घरी परत जाण्यास ती वाट जवळची होती, आणि त्या वाटेवर त्याला दगड मारणारे कोणी नव्हते. तथापि पौल मागे फिरला. ज्या लुस्त्रात त्याचे रक्त सांडले त्याच लुस्त्रात, मग इकुन्यात, मग अंत्युखियात तो पुन्हा गेला. कशासाठी? तेथील शिष्यांची मने स्थिर करण्यासाठी, आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमण्यासाठी. त्या मंडळ्या काही महिन्यांच्याच होत्या. त्यांच्यासाठी त्याने देऊळ बांधिल्याचा किंवा पैसा ठेवून आल्याचा उल्लेख नाही. उपास, प्रार्थना व वडिलांची नेमणूक एवढेच लूक लिहितो. हे वडील बाहेरून आणिलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. त्याच गावचे, त्याच बोलीचे, कालपरवा मूर्तीपुढे बसणारे लोक ते होते. पौलाने त्यांच्यावर इतका भरवसा ठेविला.

पंधराव्या अध्यायात तो बर्णबास म्हणतो की, जेथे जेथे आपण वचन सांगितले तेथील बंधू कसे आहेत हे जाऊन पाहू. या भेटीवरूनच दोघांत तंटा झाला, कारण मार्कास बरोबर न्यावे की नाही याविषयी त्यांचे मत जुळेना. मोठ्या सेवकांचाही असा खटका उडतो, हे शास्त्राने झाकून ठेविले नाही. पण भेट राहिली नाही. एक जोडी कुप्रास गेली व दुसरी सूरिया-किलिकियातून पुन्हा दर्बे व लुस्त्रास पोहोचली. अठराव्या अध्यायात पौल तिसऱ्यांदा त्याच प्रांतातून फिरताना दिसतो. याप्रमाणे लहान मंडळीस पौलाने दिलेली पहिली देणगी म्हणजे त्याचे परत येणे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निरनिराळ्या मिशनांनी हा प्रांत जणू वाटून घेतला. अकोला, खामगाव, बुलढाणा या बाजूस अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथोडिस्ट, आणि मेळघाटच्या कोरकू लोकांत एक वेगळे लहान मिशन. अकोल्यास मार्कस फुलर व त्यांची पत्नी जेनी फुलर यांनी पुष्कळ श्रम केले. जेनीबाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखाविषयी लिहिलेला ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला व त्यास पंडिता रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत अनाथ मुलामुलींस आश्रय मिळाला आणि पुढे त्यांतूनच कित्येक कुटुंबे उभी राहिली. या उपकारांचे स्मरण आम्ही कृतज्ञतेने करितो.

परंतु त्या काळी एक सवयही लागली. उपदेशकाचा पगार मिशनकडून, शाळेची फी मिशनकडून, प्रार्थनामंदिराची कौलेसुद्धा मिशनकडून. गावच्या मंडळीने देण्याजोगे काही उरलेच नाही. दुष्काळातील धान्याची आठवण ठेवून शेजारी "पोटासाठी बाटला" असे म्हणत, ते वेगळेच. आपल्यातील थोर मनांस ही गोष्ट त्या वेळीही बोचत होती. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' काढिला, त्यामागे ख्रिस्ताचे नाव परक्या पगारापासून मोकळे व्हावे ही तळमळ होती.

पुढे काळच पालटला. बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशात असता, १९५४ साली तेथील सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमिली. तिचा अहवाल १९५६ साली आला. त्यातील सर्व निष्कर्ष आम्हास मान्य नाहीत, आणि तेव्हाच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांसही ते मान्य नव्हते. तथापि परक्या पैशाविषयी त्यात जो प्रश्न विचारला गेला, तो आपण स्वतःच स्वतःस आधी विचारावयास हवा होता. मिशनरी हळूहळू परत गेले. परदेशी देणग्यांविषयीचा कायदा १९७६ साली झाला, २०१० साली नवा झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसरीस पुढे देणे बंद केले. मोठ्या शहरी संस्थेकडून डोंगरातील लहान कामास पैसा झिरपत जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. ज्या मंडळ्यांस स्वतःचे वडील होते त्या तगल्या. ज्यांस केवळ पगारी उपदेशक होता, त्यांची दारे त्याचा पगार थांबला त्या महिन्यात लागली.

येथे आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही डोंगराखालच्या एका गावी गेलो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पाच घरांची मंडळी. प्रार्थनेची खोली टिनांची, चांगली पक्की. ती एका दूरच्या शहरातील मंडळीने बांधून दिली होती. आत कापडाखाली एक पेटी होती. ती वाजविणारा त्या गावी कोणीच नव्हता आणि तिचा भाता उंदरांनी कुरतडून टाकिला होता. खोलीची किल्ली ज्या म्हाताऱ्या बाबांजवळ होती त्यांस आम्ही विचारिले, "बाबा, इकडे भेटीस कोण येते?" ते म्हणाले, "मास्तर, टिना आल्या, पेटी आली, मानूस काई आला नाई." मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की, मागल्या पावसाळ्यात त्यांची कारभारीण वारली. ओढ्याला पूर होता. पाळकास निरोप गेला नाही, आणि गेला असता तरी कोण येणार होते? शेवटी त्यांनी व मुलाने खड्डा खणिला; आणि प्रभूची प्रार्थना जेवढी आठवली तेवढी म्हणून माती लोटली. मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत, याचे त्यांस फार वाईट वाटत होते. त्या दोन ओळी कोणत्या, हे त्यांनी आम्हास विचारिले, व आम्ही सांगितल्यावर त्या दोनदा म्हणून घेतल्या.

त्या गावाच्या भेटीचा भार ज्यांनी घेतला होता त्यांस आम्ही येथे दोष देत नाही, कारण त्यांत आम्हीही होतो. टिना पाठविणाऱ्यांचे मनही निर्मळ होते. पण वस्तू पाठविली म्हणजे आपण गेलो असे आपणास वाटू लागते, हा यातला धोका आहे. फिलिप्पै येथील मंडळीने पौलास देणगी पाठविली तेव्हा ती एपफ्रदीताच्या हाती पाठविली. तो वाटेतील वा तेथील श्रमाने मरणोन्मुख आजारी पडला, तरी पौलाजवळ राहिला. त्या देणगीचा आकडा शास्त्रात नाही, माणसाचे नाव आहे.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, उत्तरेकडील मंडळीस प्रथम एक ठरलेला दिवस द्यावा. आठवडी बाजाराचे पाहा. व्यापारी ठरलेल्या वारी येतो म्हणून बाई घरचे अंडे, मिरची राखून ठेविते. तो एक वेळ आला व तीन वेळा चुकला तर चौथ्या खेपेस त्याच्या पालापुढे कोणी थांबत नाही. महिन्यातून एकदाच जाणे झाले तरी चालेल, परंतु तो दिवस ठरलेला असावा व तो मोडू नये. ज्या महिन्यात जाणे होणारच नाही, त्या महिन्याचा निरोप आधी द्यावा. आता बहुतेकांच्या खिशात फोन आहे, पण निरोप देण्याचे विसरणारे पूर्वीइतकेच आहेत.

गेल्यावर काय करावे? आम्ही असे पाहिले आहे की, नवा उपदेशक लांबचा प्रवास करून जातो, तासभर प्रवचन करितो, जेवतो व परत येतो. प्रवचन चांगले असेल, पण तो निघून गेल्यावर गावात काही उरत नाही. त्यापेक्षा मंडळीतील एक पुरुष व एक बाई यांस हेरून त्यांस मुखोद्गत शिकवावे. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र, एखादा दृष्टांत, आणि मयताच्या वेळी म्हणावयाची लहान प्रार्थना. वर्षभरात इतके झाले तरी पुष्कळ झाले. लिहितावाचता न येणाऱ्यास भजन लवकर पाठ होते. अहमदनगरकडील आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकातच हे ओळखून टाळमृदंगावर ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, व कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्यासाठी पदे रचिली. पेटीवाचून कीर्तन अडत नाही.

स्त्रियांविषयी एक शब्द. चुलीजवळ उपदेशकाचा प्रवेश नसतो, आणि घरातील निर्णय पुष्कळदा तेथेच होतात. पूर्वी बायबलबाई हे काम करीत. आज ते नाव फारसे ऐकू येत नाही, परंतु गरज संपलेली नाही. उपदेशकाची पत्नी किंवा मंडळीतील एखादी समंजस बाई बरोबर गेली तर एका भेटीचे काम दुप्पट होते. पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर १९२४ साली पुरे छापून झाले, तेव्हा बाई स्वतः हयात नव्हत्या; ते भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनात बायकांच्याच हातांनी छापिले गेले. गावातील अल्पशिक्षित बाईस वाचता यावे हाच त्यांचा हेतू होता.

भाषेची गोष्ट मात्र सातपुड्यात अधिक बिकट आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा असून तिचे नातलग पूर्वेस झारखंडकडे आहेत. ज्यांनी तेथे काम केले त्यांपैकी जॉन ड्रेक यांनी कोरकूचे व्याकरण रचून १९०३ साली छापविले. एक परदेशस्थ मनुष्य डोंगरात राहून हे करू शकला, आणि आपण वऱ्हाडातच जन्मलो असता दहा शब्द शिकत नाही! त्याहून नवल म्हणजे, आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी या बाजूस निहाल लोकांची निहाली भाषा बोलली जाते. ती बोलणारे अवघे दोन-अडीच हजार असावेत असे अभ्यासक सांगतात, आणि जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. अशा ठिकाणी आपली ग्रांथिक मराठी ऐकून लोक मान डोलावितात. ती समजल्याची खूण आहे असे मानू नये. दुभाष्या घ्यावा, आणि सांगितलेले त्यांच्याकडून त्यांच्या बोलीत परत म्हणवून घ्यावे.

आता पैशाविषयी. तो लागतोच. एस्.टी.चे भाडे, मुक्कामाचे अन्न, आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, या गोष्टी प्रार्थनेने टळत नाहीत. पण तो कोठून यावा? करिंथकरांस पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांचा दाखला देतो. त्या श्रीमंत म्हणून नव्हे, तर कमालीच्या दारिद्र्यात असूनही त्यांनी आपण होऊन देण्याची परवानगी मागितली म्हणून. आपल्या देशात याची उदाहरणे आहेत. तिन्नेवेल्लीच्या खेडवळ ख्रिस्ती लोकांनी १९०३ साली स्वतःची मिशनरी संस्था काढिली व आपली माणसे दूर तेलुगू मुलुखात दोर्नकलकडे पाठविली. त्यांचेच व्ही. एस. अझरय्या पुढे १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. त्याआधी १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तीत हेच अझरय्या पुढे होते, आणि तिचा नियम असा की माणसे हिंदी, पैसा हिंदी व कारभारही हिंदी. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवितात, आणि त्या मुठींवर तेथील मंडळ्या आज पुष्कळ सेवकांस पोसतात.

आपणास हे परके वाटावयास नको. आपल्या महाराष्ट्रात मुष्टिफंड हा शब्द जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या मुठींचा आधार घेतला. आपण तांदळाऐवजी ज्वारी धरू. सकाळ-संध्याकाळ एक-एक मूठ, दोन्ही मिळून शंभर ग्रॅम समजा. महिन्यास एका घराची तीन किलो, दहा घरांची तीस किलो. किलोस तीस-पस्तीस रुपये भाव धरिला तर नऊशे ते एक हजार पन्नास रुपये झाले. दोन माणसांस नांदुऱ्यावरून डोंगराखाली जाऊन येण्यास एवढे पुरावे. हा हिशेब घरी बसून सर्वांनी करून पाहावा. आम्ही केला तेव्हा आम्हास लाज वाटली.

पैसा जमला म्हणजे शंका येतात, आणि पौल हे जाणून होता. आठव्या अध्यायातच तो सांगतो की, कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू बंधू त्या रकमेबरोबर पाठविले. पौलासारख्यास साक्षीदार लागले, तर आपणास का लागू नयेत? दोघांनी मोजावे, वहीत लिहावे, व रविवारी सर्वांसमोर वाचून दाखवावे. उपदेशकाने एकट्याने पिशवी सांभाळू नये, हे त्याच्याच हिताचे आहे.

दुसरी गोष्ट, ही मूठ केवळ बंधुजनांच्या भेटीसाठी व मंडळीच्या निर्वाहासाठी आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्यास धान्य, कपडा वा औषध देण्याचे कबूल करणे हा पाप आहे आणि सुवार्तेचा अपमान आहे. आजारी शेजाऱ्यास दवाखान्यात न्यावे ते तो आजारी आहे म्हणून. तो पुढे प्रार्थनेस आला नाही तरी आपले कर्ज फिटले. आपले येणेजाणे उघड असावे, गावच्या पाटलास व शेजाऱ्यांस ठाऊक असावे. लपूनछपून केलेली भेट त्या चार घरांसच पुढे संकटात टाकिते, आणि आपण तोवर मोटाळ्यास पोहोचलेलो असतो.

आणि लहान मंडळीकडून घेण्यासही लाजू नये. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील गायस फिरत्या बंधूंस घरी ठेवून घेई व पुढच्या वाटेस लावून देई, म्हणून योहान त्याची स्तुती करितो. दियत्रफेस दार लावून घेई. डोंगरातील बाईने पुढे केलेली मक्याची भाकर नाकारून आपल्या डब्यातील पोळी काढणे म्हणजे तिला गायस होऊ न देणे. त्या पाच घरांनीही मूठ काढावी, मग ती कोदोकुटकीची का असेना.

आता शेवटची बाब, आणि ही धामणगाव बढेच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. उत्तरेकडील मंडळी वर्षातून काही महिने स्वतःच आपल्याकडे येते. दिवाळीनंतर सातपुड्यातील गावे रिकामी होऊ लागतात. लोक कापूस वेचणीस, हरभरा-गव्हाच्या सोंगणीस, वीटभट्ट्यांवर खाली उतरतात आणि होळीच्या सणास परत जातात. ज्या गावी आपण जानेवारीत मोठ्या हौसेने जाऊन कुलूप पाहून येतो, तेथील माणसे त्याच वेळी आपल्या शेजारच्या शेताच्या बांधावर पाल ठोकून राहिलेली असतात. त्यांच्यात कोणी ख्रिस्ती आहे काय, हे आपण कधी विचारिले आहे? पोरे शाळेवाचून बांधावर खेळत असतात. बाया संध्याकाळी दुकानात येतात, तोलण्यात फसतात, व बोलत नाहीत. रविवारी प्रार्थनेच्या चटईवर त्यांस जागा करून देणे, लेकराच्या तापाच्या वेळी आरोग्यकेंद्रात बरोबर जाणे, मजुरीचा हिशेब लिहून देणे, यांस पूर्णा ओलांडावी लागत नाही व एस्.टी.चे भाडेही पडत नाही.

आमची सूचना अशी आहे. वेचणीचे मजूर येतील त्या आठवड्यात प्रत्येक मंडळीने दोघांस पालांवर पाठवावे व कोण कोठून आले हे नीट समजून घ्यावे. प्रार्थनेस येणारे निघाले तर त्यांच्या गावाचे नाव, तेथील घरे किती व पावसाळ्यात वाट बंद होते काय, हे वहीत टिपून घ्यावे. आणि फाल्गुनात ते परत निघण्याचा दिवस आधीच विचारून ठेवावा, म्हणजे आपल्या उपदेशकास त्यांच्याच गाडीने, त्यांच्या गाठोड्यांबरोबर बसून, पहिल्या भेटीस जाता येईल.